आम्ही गिटारचं पिकअप बदललं



आमच्या गटाच्या बैठकीत मध्यंतरी एक विषय निघाला. पिकअप बदलायचं आहे आणि त्याला साडेआठशे रुपये लागणार आहेत. एक मावशी नेमक्या तेव्हाच दारातून आत येत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "अगं बया, गटानं गाडी कधी घेतली? आणि साडेआठशेत पिकअप कुठलं मिळतं, त्यात टायरसुद्धा यायचा नाही!"

तर बायांनो, आज ज्या पिकअपबद्दल बोलायचं आहे ते टोमॅटोचे क्रेट भरून बाजारात जाणारं पिकअप नव्हे. बेस गिटार नावाचं एक वाद्य असतं, त्याच्या पोटात तारांखाली बसवलेल्या एका भागाला पिकअप म्हणतात. तो आम्ही बदलला. आमच्यापैकी एकीलाही गिटार वाजवता येत नाही, आणि त्या दिवसापर्यंत कुणी गिटार उघडून पाहिलेली नव्हती.

गटाचा आणि गिटारचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध कर्जाचा. आमच्या एका ताईंची मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ती तालुक्याच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवते. हळदीचे कार्यक्रम, लग्नं, गणपती, जयंत्या. एका कार्यक्रमाचे तिला सातशे रुपये मिळतात आणि त्यातून तिची फी भागते. आधी ती ऑर्केस्ट्रावाल्यांचीच गिटार वाजवायची. पण स्वतःचं वाद्य असलं तर पैसे जास्त मिळतात, म्हणून ताईंनी गटाकडे आठ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. जुनी, वापरलेली बेस गिटार घ्यायला.

त्या बैठकीत वाद झाला. शेळीला कर्ज दिलं तर शेळी दिसते, शिलाई मशीनला दिलं तर मशीन दिसतं. वाजवायच्या वस्तूला कर्ज द्यायचं, आणि तेही पोरीच्या, ही गोष्ट कितीतरी जणींना पटेना. आम्ही समन्वयक म्हणून ताईंच्या बाजूने बोललो. पोरगी कमावते आहे, वाद्य हे तिचं अवजार आहे, असं आम्ही म्हणालो, आणि कर्ज मंजूर झालं.

पाच हप्ते वेळेवर आले. मग दोन चुकले. कारण विचारलं तर ताई आधी गप्पच. नंतर कळलं की ऐन लग्नसराईत गिटारचा आवाज येईना. वाजता वाजता यायचा, जायचा, खरखरायचा आणि आला तरी बारीक यायचा. दोन कार्यक्रमांना मुलीला परत पाठवलं. तालुक्याच्या एका दुकानात चार दिवस गिटार ठेवली. दुकानदार म्हणाला, सगळं आतलं फिटिंग बदलावं लागेल, साडेतीन हजार द्या, नाहीतर नवी घ्या.

बैठकीत काही जणी म्हणाल्या, गिटार विका आणि कर्ज वसूल करा. खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हीही चिडलेलो होतो. आमच्या शब्दावर पैसे गेले होते ना! आणि गटात एकदा एकीचा हप्ता थकला की दुसरीलाही वाटतं, आपणही थकवला तर काय होतंय. ताई मान खाली घालून बसल्या होत्या. तेवढ्यात आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "पण त्या गिटारला झालंय काय नेमकं?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. दुकानदारानेही सांगितलं नव्हतं. सगळं बदला म्हणाला, म्हणजे त्यानेही शोधलं नव्हतं.

आमच्या गटातल्या दोघींनी सोलर दिवे जोडायचं प्रशिक्षण घेतलेलं आहे. त्यांच्याकडे डाग द्यायची सोल्डरिंग इस्त्री होती. एकीचे दीर शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करतात, त्यांच्याकडून मल्टिमीटर मागून आणला. आणि रविवारी दुपारी वहिनींच्या घरी बसलो, कारण त्यांच्याकडे मोठं टेबल आहे आणि मशीनवरचा चांगला दिवा आहे.

आता हे पिकअप काम कसं करतं ते आधी सांगतो, कारण आम्हाला ते समजलं आणि निम्मी भीती तिथेच गेली. शिलाई मशीनची बॉबिन आठवा. पिकअप म्हणजे एक लांबट बॉबिन. तिच्यावर दोऱ्याऐवजी तांब्याची तार गुंडाळलेली, आपल्या केसासारखी बारीक, हजारो वेढे. मध्ये चुंबकाच्या कांड्या उभ्या. आमच्या गिटारच्या एका पिकअपमध्ये आठ कांड्या होत्या, चार तारांना प्रत्येकी दोन. गिटारच्या तारा पोलादी असतात. चुंबकाजवळ पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांमध्ये अगदी थोडी वीज तयार होते. तार जशी हलेल तशी वीज हलते, ती वायरमधून ॲम्प्लिफायरला जाते, तिथे मोठी होते आणि स्पीकरमधून धुम्म आवाज येतो. चुंबक आणि तांब्याच्या वेढ्यांतून वीज होते हे मायकेल फॅरडे यांनी इंग्लंडमध्ये 1831 साली दाखवलं. जुन्या सायकलचा डायनॅमो त्यावरच चालायचा. म्हणजे पंपाची मोटार, सायकलचा डायनॅमो आणि हे पिकअप, सगळी एकाच घरातली भावंडं. आमच्या दिरांनी पिकअप हातात घेतलं आणि म्हणाले, "हे तर आमचंच काम, फक्त तार बारीक."

आमच्यासारख्या बेस गिटारी ज्याने काढल्या त्याचीही गोष्ट मजेची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाचं गाव आहे. तिथे लिओ फेंडर नावाचा माणूस रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याने 1951 साली प्रिसिजन बेस नावाची बेस गिटार काढली आणि 1960 साली दोन पिकअपची जॅझ बेस. आमच्या ताईंची गिटार त्या दुसरीची इथली साधी नक्कल आहे. आणि हा लिओ फेंडर, ज्याच्या नावाच्या गिटारी जगभर वाजतात, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! हे ऐकल्यावर आमच्या मावशी म्हणाल्या, "मग आपल्याला न येण्यात काय लाज?"

त्याच कारखान्यात 1956 साली अबिगेल इबारा नावाची एक बाई कामाला लागली. पिकअपवर तार गुंडाळायचं काम तिने तिथे वर्षानुवर्षं केलं, 2013 साली ती निवृत्त झाली. तिच्या हातची पिकअपं वाजवणारे लोक आजही शोधत फिरतात. म्हणजे ज्या आवाजाची एवढी वाहवा होते तो एका बाईच्या बोटांतून गेलेला आहे. वहिनींनी बॉबिन भरता भरता हे ऐकलं आणि त्यांचा हात थांबला. कुणी तरी हे काम करत असेल, हे आपल्या मनातच येत नाही.

तर आता दुरुस्ती. पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे काहीही उघडलं नाही. मुलगी म्हणाली, आधी वायर बदलून पाहू. गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जी लांब वायर असते ती पायाखाली येते, ओढली जाते, आतून तुटते. ऑर्केस्ट्रातल्या मित्राची चांगली वायर आणून लावली. खरखर तशीच. काही बेस गिटारींमध्ये नऊ व्होल्टचा सेल असतो, तो संपला की आवाज जातो. आमच्या गिटारीत सेल नव्हताच. हे दोन्ही तपासायला एक पैसा लागत नाही आणि दुकानात चार दिवसांत ते कुणी केलं होतं की नाही देव जाणे.

मग गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, आवाज बारीक ठेवला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिकअपच्या कांड्यांवर हळूच टकटक केलं. घोडीजवळचं पिकअप टक टक बोललं, मधूनमधून गप्प होत होतं पण बोललं. मानेकडचं पिकअप एकदम मुकं. म्हणजे दुखणी दोन आहेत, एक येणारं-जाणारं आणि एक कायमचं, हे आम्हाला तेव्हा समजलं.

गिटार गोधडीवर आडवी ठेवली. गिटारच्या अंगावर बटणांची एक पत्र्याची पट्टी असते. ॲम्प्लिफायरची वायर आधी काढून तिचे स्क्रू सोडले आणि ती उलटी केली. आत तीन कंट्रोल, दोन आवाजाचे आणि एक टोनचा, आणि वायर घुसवायचा जॅक. काहीही हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढले, चार बाजूंनी. कुठली वायर कुठे होती हे आपल्या लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही. शिवाय वहिनींनी प्रत्येक वायरला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, आणि फोटोपेक्षा तोच जास्त कामी आला. स्क्रू स्टीलच्या वाटीत ठेवले. नातवंडं असलेल्या घरात स्क्रू जमिनीवर ठेवायचे नाहीत.

जॅकवर एक डाग राखाडी, निस्तेज दिसत होता. चांगला डाग चकचकीत असतो. सोलर दिव्यांच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, असा निस्तेज डाग म्हणजे कोरडा डाग, वायर चिकटल्यासारखी दिसते पण धरलेली नसते. हलवली तर ती खरंच हलत होती. पुन्हा गरम करून नवीन कथील दिलं. येणारं-जाणारं दुखणं तिथेच संपलं. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. साडेतीन हजारांतले किती यासाठी होते कोण जाणे!

मुलीने वाजवून पाहिलं. आवाज टिकला, पण बारीक. घोडीजवळ तार कमी हलते, म्हणून तिथल्या पिकअपचा आवाज टणक पण हलका येतो. मानेकडे तार जास्त हलते, तिथला आवाज भरीव. बेस गिटारचं ऑर्केस्ट्रातलं काम तबल्यातल्या डग्ग्यासारखं असतं. तो बसला नाही तर वरचं सगळं उघडं पडतं. त्यामुळे मानेकडचं पिकअप हवंच होतं.

ते खरंच मेलं आहे का, हे मल्टिमीटरने कळतं. पिकअपची वायर कंट्रोलवरून सुटी केली आणि मीटर वीस किलोओहमवर ठेवून दोन्ही टोकांना लावला. घोडीजवळचं पिकअप आधी पाहिलं, 7.6 आलं. या जातीच्या पिकअपला साधारण सात-आठ यावं. मानेकडच्याला लावला तर डाव्या टोकाला नुसता 1. त्याचा अर्थ आत कुठेतरी तार तुटली आहे, वेढे सलग नाहीत. मोटार जळाली की नाही हे दीर असंच बघतात. तार बाहेरच्या टोकाला तुटलेली असली तर डाग देऊन जोडता येते. आम्ही भिंग लावून पाहिलं, बाहेर काही तुटलेलं नव्हतं.

म्हणजे विकत घ्यायचं ते एकच, आणि कुठलं तेही माहीत झालं. एक सांगून ठेवतो. मानेकडचं आणि घोडीकडचं पिकअप दिसायला सारखं असतं, पण बऱ्याच गिटारींत लांबीत दोनेक मिलिमीटरचा फरक असतो. तेवढ्याने ते खाचेत बसत नाही आणि मग लाकूड खरवडायची पाळी येते. आम्ही पट्टीने मोजून, फोटो पाठवून मागवलं. साडेआठशे रुपये. बैठकीत त्याची नोंद झाली, आणि मावशींचा तो गाडीचा घोटाळा झाला तो याच बैठकीत.

पुढच्या रविवारी बसवायला बसलो. मुलीने खुंट्या फिरवून तारा सैल केल्या. बेसच्या तारा महाग असतात, त्या कापायच्या नाहीत. सैल करून बाजूला सरकवल्या की पुरे. जुन्या पिकअपचे चार स्क्रू सोडले. इथे हात जपायचा. चुंबक स्क्रूड्रायव्हर ओढून घेतं, आणि टोक जर त्या केसासारख्या तारेवर घसरलं तर नवं पिकअपही त्याच क्षणी मुकं. आम्ही वेढ्यांवर कापडी पट्टी धरून काम केलं.

पिकअपची वायर लाकडातल्या भोकातून बटणांच्या खाचेपर्यंत जाते. जुनी ओढून काढली तर नवी घालायची कशी? दोघी प्रशिक्षित बाया विचारात पडल्या. आमच्या मावशी म्हणाल्या, "परकराची नाडी कधी ओवली नाहीत का?" जुन्या वायरच्या टोकाला पक्का दोरा बांधला, वायर ओढली, दोरा आत राहिला, त्याला नवी वायर बांधली आणि परत ओढली. एका मिनिटाचं काम. नव्या पिकअपखाली भांडी घासायच्या नव्या स्पंजाचा तुकडा ठेवला, म्हणजे ते खाली दबून बसत नाही आणि स्क्रूने वर-खाली करता येतं.

डाग देताना मात्र आम्ही अडलो. एक वायर कंट्रोलच्या पत्र्याच्या पाठीवर जोडायची असते. दिव्यांची आमची इस्त्री पंचवीस वॅटची. पत्रा सगळी उष्णता खाऊन टाकायचा आणि कथील गोळी होऊन गडगडायचं. चार वेळा केलं, चार वेळा वायर हातात. जास्त वेळ तापवत बसलं तर कंट्रोलच आतून जळतो. शेवटी चाळीस वॅटची इस्त्री आणली, दोनशे चाळीस रुपये. पत्रा थोडा खरवडून घेतला, इस्त्री टेकवली आणि तीन-चार सेकंदांत कथील पाण्यासारखं पसरलं. या कथिलात शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवायची, धूर तोंडावर घ्यायचा नाही, लेकरांना आणि पोटुशी बायकांना जवळ बसवायचं नाही आणि काम झालं की साबणाने हात धुवायचे, मगच भाकरीला हात लावायचा.

सगळं बंद केलं. तारा ताणल्या. मुलीने नवीन पिकअप एकटं वाजवलं. छान, भरीव. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जुनं एकटं वाजवलं, तेही ठीक. मग दोन्ही बटणं पूर्ण उघडली आणि आवाज एकदम पोकळ झाला! दोन्ही मिळून दुप्पट व्हायला हवा, तर एकट्यापेक्षाही कमी, आणि वर हूं हूं अशी गुणगुण.

(इथे मुलीने दोन्ही आवाज स्टुडिओत वाजवून दाखवले.)

ऐकलंत ना? तो दुसरा. आम्हाला वाटलं, स्वस्तातलं पिकअप आणलं आणि फसलो. एक जण तर म्हणाली, दुकानदाराचं ऐकायला हवं होतं. चहा झाला. कुणी बोलेना. मग मुलीला आठवलं, ऑर्केस्ट्रातले वादक याला फेज उलटी होणं म्हणतात. ते समजून घ्यायला आम्हाला तास लागला, पण तुम्हाला एका वाक्यात सांगतो. जात्यावर दोघी समोरासमोर दळायला बसल्या आणि एक इकडे ओढते आहे, दुसरी त्याच वेळी तिकडे ओढते आहे, तर जातं फिरेल का? दोघींची ताकद एकमेकींना खाईल. आमच्या दोन पिकअपांचं तसं झालं होतं. दोन्ही चांगली, पण वीज उलटसुलट पाठवत होती. जोडी एकत्र विकत घेतली असती तर ती आधीच जुळवलेली आली असती. आम्ही पैसे वाचवायला एकच घेतलं, त्याची ही किंमत.

उपाय अगदीच साधा निघाला. नव्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. पत्र्याच्या पाठीवर होती ती कंट्रोलच्या पायाला आणि पायाला होती ती पाठीवर. एवढंच. पुन्हा पट्टी उघडली, पुन्हा डाग दिले. या वेळी शहाणपण आलं होतं, त्यामुळे स्क्रू लावण्याआधीच वाजवून पाहिलं. दोन्ही बटणं उघडली आणि आवाज असा आला की वहिनींच्या मशीनवरची कात्री थरथरली. आणखी गंमत म्हणजे दोन्ही पूर्ण उघडल्यावर ती हूं हूं गुणगुणही गेली. दोन पिकअपांची चुंबकं एकमेकांच्या उलट असतील तर असं होतं. तार वाजल्याची वीज एकमेकींत मिसळते आणि बाहेरून येणारी गुणगुण एकमेकींना मारते. आमच्या नशिबाने चुंबकं उलट निघाली. ते आम्ही काही ठरवून आणलेलं नव्हतं.

शेवटी उंची. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि चुंबकापासून तारेचं अंतर पट्टीने बघायचं. जाड तारेकडे अडीच-तीन मिलिमीटर, बारीक तारेकडे दोन. फार जवळ आणलं तर चुंबक तारेलाच ओढतं आणि सूर बिघडतो.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे, आणि ज्यांच्या घरात गिटार नाही त्यांनीही ऐकायची आहे. काम करताना आम्हाला एक वायर दिसली, जी कुठल्याच पिकअपला जात नव्हती. ती घोडीखाली जात होती. आम्हाला वाटलं जास्तीची आहे, कापून टाकू. बरं झालं कापली नाही. ती वायर तारांना ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडते. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते ती तिच्यामुळे. पण याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. ॲम्प्लिफायरला अर्थिंग नसेल आणि त्यात बिघाड होऊन बॉडीवर करंट उतरला, तर तोच करंट गिटारच्या तारांवर येतो. मुलगी म्हणाली, दोन-तीन मांडवांत तिला माईकला ओठ लागल्यावर मुंग्या आल्या होत्या आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस्ली हार्वी नावाचा गिटारवादक चालू कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून जागेवर गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

आपल्या मांडवांत काय असतं? तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडलेली, नाहीतर नुसत्या दोन उघड्या वायरी काडीने बोर्डात खोचलेल्या. ती जाड पिन अर्थिंगची. आता ती मुलगी कार्यक्रमाला जाताना पर्समध्ये टेस्टर ठेवते. सगळं जोडून झालं, चालू केलं की आधी टेस्टर तारांना आणि माईकच्या जाळीला लावते. दिवा लागला तर हात लावत नाही, मग मांडववाला कितीही ओरडो. आपल्या घरच्या हळदीत हे मांडववाल्याला आपणच विचारायचं. घरात ईएलसीबी बसवलेला असेल तर त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

हिशेब सांगायचा राहिला. पिकअप साडेआठशे, इस्त्री दोनशे चाळीस, कथील आणि वायर सत्तर. एकूण अकराशे साठ. पिकअपचे आणि कथिलाचे पैसे ताईंच्या कर्जात वाढवले, इस्त्री गटाच्या मालमत्तेत लिहिली. चुकलेल्या दोन हप्त्यांच्या दंडावर पुन्हा वाद झाला. अडचण खरी होती, दंड माफ करा, असं काही जणींचं म्हणणं पडलं. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण ताईच म्हणाल्या, नियम आहे तो राहू द्या. वीस रुपये त्यांनी तिथेच दिले आणि वहीत सही केली. त्यानंतरचे दोन्ही हप्ते आले आहेत.

एक मान्य करायला हवं. आमच्या गटात पोरीच्या वाजवण्याबद्दल जे बोललं गेलं होतं, ते या दुरुस्तीने लगेच पुसलं गेलं असं नाही. मुंबईची मोहिनी डे ही मुलगी बेस गिटारवर जगभर नाव कमावून आहे, ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवलेली आहे, हे आम्ही मोबाईलवर दाखवलं. एक काकू बघून म्हणाल्या, "ती मुंबईची." तो विषय अजून संपलेला नाही.

मागच्या शनिवारी शेजारच्या गावात हळद होती. आम्ही पाच-सहा जणी मुद्दाम गेलो. गाणी जोरात चालली होती, पण आमच्या मुलीचा आवाज त्यात कुठला, हे आम्हाला काही ओळखू येईना. कीबोर्ड ऐकू येतो, ऑक्टोपॅड ऐकू येतो, गाणाऱ्याचं तर विचारूच नका. मावशी म्हणाल्या, एवढा खटाटोप केला आणि ऐकूच येत नाही! तेव्हा ताईंनी त्यांचा हात धरून मांडवातल्या पाण्याच्या पिंपावर ठेवला. पिंप धुम धुम हलत होतं. आम्ही सगळ्याच मग पिंपाला हात लावून उभ्या राहिलो, लोक बघत होते.

घोडीकडच्या आवाजाचा कंट्रोल मात्र अजून फिरवताना खरखरतो. तो येत्या रविवारी उघडणार आहोत, वहिनींच्याच टेबलावर.